नंबर नसलेला पिवळा

माझा धाकटा भाऊ नरसय्या, कलर मास्टर,
अक्कलकोट रोडच्या रंगखात्यात तीस वर्षं.
टॉवेल दुरून बघूनच सांगायचा,
हा लिंबू, हा हळदी,
ह्यात निळा पडलाय थेंबभर, चुकून.

त्याच्या डोळ्यांतला पिवळा
आधी चहावाल्या पोराला दिसला.

तसं त्याआधीही बरंच काही आलं होतं दाराशी.
पोटातून निघून पाठीत रुतणारी कळ,
उताणं झोपलं की वाढायची.
रात्री उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसायचा,
मी म्हणायचे, मागावर बसल्यासारखा काय बसतोस रे?
पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं,
मग अजून एक.
शेंगाचटणीसुद्धा नको. चव नाही म्हणाला,
मी मिठाला दोष दिला.
पन्नाशी उलटल्यावर एकाएकी साखर निघाली,
घराण्यात कुणाला नसताना.
गल्ली म्हणाली, साखर आहे ना, मग माणूस वाळणारच.
किती सोयीचं असतं
एक कारण सापडणं.

मग अंगाला खाज, पुरळ नसताना.
लघवी कोऱ्या चहासारखी.
आणि शौचाला फिकट, तेलकट, तरंगणारं;
हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही.
सांगतं का कुणी?

कावीळ म्हणून आम्ही माळ घातली.
माळ लांबत गेली,
माणूस आखडत गेला.
तीन आठवडे गेले त्या माळेत.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला.
जठराच्या मागे, कण्याजवळ,
आडवं निजलेलं काहीतरी. स्वादुपिंड.
मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.
स्वाद त्याच्या नावातच होता.

"दर पाठदुखी ही नसते," बाई म्हणाल्या,
"बहुतेक वेळा नसतेच.
पण नवं दुखणं हटत नसेल, वजन उतरत असेल,
तर विचारायला यायचं.
आणि डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी."
नरसय्या गप्प होता.
जिना उतरताना म्हणाला,
अक्का, धागे दिसत होते गं सगळे.

त्याचं शेडकार्ड अजून खिळ्याला आहे.
मी परवा उलटून पाहिलं,
सगळे पिवळे आहेत. तो नाही.

आता विडी कारखान्यात पानं कातरताना
मी बायकांचे चेहरे खिडकीकडे वळवते, डोळे बघते.
हसतात मला.
अंबव्वाचा परकर सैल झालाय,
महिनाभर पाठ धरून बसते.
काही नसेलही.
उद्या तिला घेऊन जाते सिव्हिलला.
हजार विड्या बुडतील तिच्या, हजार माझ्या.
बुडू देत.