अंगी लागणं

खारबांदाच्या आत, उधाणाच्या पाण्यावर
तीनशे जिताडे.
त्यातल्या बारांच्या डोळ्यांत ढग.

हसुराम म्हणाला, नजर लागली.
मी म्हटलं, माशाला?
तरी त्याने मीठ-मिरच्या ओवाळल्या, बांधावर उभं राहून.
मीठ पाण्यात पडलं.
पाणी आधीच खारट.

गेल्या साली कोलीम घालायचो, फुटकी मांदेली,
बोयटांची डोकी.
मग खाडीत होड्याच कमी आल्या
आणि गोण्या आल्या,
सोयाबीनची पेंड, वर आमच्याच गिरणीतला कोंडा.
दाणेदार, कोरडं, हाताला वासही राहत नाही.
जिताडे खायचे. पहाटे पाणी फुटायचं, शेपट्या वाजायच्या.
हसुराम म्हणायचा, खातान तं हावऱ्यासारखी,
पन अंगाला काय लागत नाय.

रुबीना मुकादम आली पलीकडून तरीने,
मत्स्य महाविद्यालयाची निळी पेटी मांडीवर धरून.
दोन मासे नेले.
काटे सोलले, वाळवले, भट्टीत जाळले,
आणि आठवड्याने कागदाच्या पुडीत
राख दाखवायला आणली,
नखावर मावेल एवढी.
म्हणाली, जस्त नाही हिच्यात. स्फुरदही थोडं.

गोणीवर तर छापलंय, मी म्हटलं.

आहे की, गोणीत आहे. पोटातही जातं.
पण बी आपलं स्फुरद एका आम्लात बांधून ठेवतं,
उद्याच्या कोंबाची शिदोरी.
ते आम्ल जस्तालाही धरतं
आणि आतड्यातून तसंच, हात न सोडता,
बाहेर पडतं.
गाठ सोडणारं काही माशाच्या पोटात नाही.
चुना तो कल्ल्यांतून घेईल, पाण्यात भरपूर आहे.
बाकीचं ताटातूनच यायला हवं.

मला बियाचा राग आला नाही.
ते कुठे माशासाठी जन्मलं होतं.
मीही डब्यात पैसे ठेवते, त्याला हात लावू देत नाही,
हसुरामलाही नाही.

म्हणाली, पेंड कोमट पाण्यात भिजव, रात्रभर आंबव,
आंबोळीचं पीठ ठेवतेस तशी.
थोडी डोकी, काटे वाटून घाल.
आगळ घालून बघ एका हौदात. खात्री नाही माझी,
वहीत मात्र लिहून ठेव.

बोलता बोलता मी पदराच्या गाठीतली
सरकारी दवाखान्याची लाल गोळी काढली,
चहाबरोबर गिळणार,
तर तिने माझ्या कपाकडे पाहिलं.
किती दिवस?
सहा महिने, म्हटलं. रक्त वाढतच नाही.
चहाबरोबरच?
मग कशाबरोबर!

ती हसली नाही.
मी कप खाली ठेवला.
चहा गार झाला, वर साय धरली,
तासाभराने तसाच प्यायले. टाकवला नाही.

आता घरात आंबलेल्या पेंडीचा वास असतो.
सासू नाक मुरडते, दार लोटून घेते.
नव्या पिलांचे डोळे काळे, ओले,
बॅटरी मारली की अंगारासारखे पेटतात.

त्या बारांचे ढग मात्र गेले नाहीत.
मोती पडला तो पडला, रुबीना म्हणाली.
विकायचे तर गिऱ्हाईक आधी डोळा बघतं.
राहिलेत.

संध्याकाळी मी बादलीची कडी वाजवते
पूर्वेच्या कोपऱ्यात, इतरांच्या आधी.
पाणी हलतं.
मी मोजते.
काल अकरा आले.