सातो

देवगडच्या दवाखान्यात, मंगळवारी,
आईला झोप नाही हे मी सांगते.
मी नववीत. आमच्या घरातली मराठी मीच.
बाबा कलमांच्या बागेत, वानर हाकतोय.

"सातो गयो," आई म्हणते.
मी म्हणते, घाबरलीय.
पारकर मॅडम लिहितात : धसका.
मग पेन थांबतं. "सातो म्हणजे?"

दचकलं की अंगातून निघून जातं ते.
गावाकडे हाका मारून परत बोलावतात.
"मग कुठं राहिलंय?"
हे मी कधीच विचारलं नव्हतं.

आई खिडकीतून जेटीकडे बोट करते.
दादाचा ट्रॉलर वादळात चार दिवस
सापडत नव्हता.
पाचव्या दिवशी दादा आला,
ते नाही आलं.

मॅडम धसका खोडत नाहीत,
शेजारी सातो लिहितात.
आणि मला : "चेडवा, तू भायर बस गो."

बाहेर कठड्यावर सिस्टरनी
रतांब्याची सालं वाळत घातलीत.
मी एक चोखते. आत आई बोलतेय,
केवढं बोलतेय,
आणि मध्येमध्ये मॅडमचं मालवणी हेलातलं
"हजुर... हजुर..."

त्यातलं काहीही
मला मराठीत करायचं नाहीये.