विषय क्रमांक सात

सभागृहाला कुलूप लावण्याआधी
छगनभाईनं खुर्च्यांवर जुनी निवडणुकीची बॅनरं अंथरली.
म्हणाला, परत येतील तेव्हा धूळ नको.

मी इतिवृत्त लिहिते. नीला कारखानीस, सभासचिव शाखा,
खंडेराव मार्केट, बावीस वर्षं.
घरात मराठी, कागदावर गुजराती,
कानात दोन्ही एकदम.

सभेची जुनी रीत आहे:
चालू सभासद वारला तर शोकठराव,
दोन मिनिटं मौन,
आणि त्या दिवशीचं कामकाज तहकूब.
बावीस वर्षांत हा परिच्छेद चारदा लिहिला होता.
त्या वैशाखात मी तो टाइप करूनच ठेवला,
नावापुरती जागा सोडून.

पहिली सभा: तहकूब.
आठ दिवसांनी दुसरी: तहकूब.
कार्यक्रमपत्रिकेवर तोच विषय क्रमांक सात,
विश्वामित्रीकाठच्या स्मशानासाठी
बाराशे मण लाकूड, तातडीनं, विनानिविदा.
तातडीनं हा शब्द
मी तीनदा नव्यानं टाइप केला.

दुसऱ्या सभेला हजेरी घेताना
रजनीकांत अमीन पलंगावरून बोलले होते.
तोंडावर मास्क, तोही ऑक्सिजनचा.
हात वर केला, त्यात सुई.
"हाजर छुं," म्हणाले,
आणि मी त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

तिसरी सभा त्यांच्याच शोकठरावाची.

महापौर म्हणाले, आपण सारे उभे राहू या.
सगळे उभे राहिले, आणि पडद्यावरून चेहरे गेले.
राहिली पोटं, शर्टाची बटणं,
एका साडीचा काठ,
मागे भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर.
कुणाचा तरी माइक चालूच.
कुकरची एक शिटी. दुसरी.
मग अगदी हळू आवाजात, "गॅस बंद कर ने."
कुणी हसलं नाही. हसलं असेल तरी
डोकी दिसत नव्हती.

बसल्यावर मी चौकोन मोजले.
एक जास्त भरत होता.
पुन्हा मोजले.
खालच्या ओळीत, डावीकडून तिसरा,
खाली नाव: रजनीकांत अमीन.
चौकोनात माणूस नव्हता, रस्ता होता.
रिक्षा, शववाहिनी, पुन्हा रिक्षा,
कडुलिंबाखाली पीपीई किटमधले दोघे
पाण्याची एक बाटली दोघांत पीत होते.

महापौर वाचायला लागले: सदगताच्या मानार्थ आजचं कामकाज...
तेवढ्यात तो चौकोन बोलला.
"साहेब, मी त्यांचा मुलगा, तेजस.
पप्पांचा फोन माझ्याकडे आहे. लिंक आली म्हणून जोडला.
ठराव ऐकायचा होता.
इथं टोकन एकवीस मिळालंय.
लाकूड संपलंय म्हणतात, सकाळी येईल."

पुढे किती वेळ कुणी बोललं नाही, ते नोंदवायला
आमच्या नमुन्यात रकाना नाही.

मग अरुणाबेन चोक्सी, विरोधी बाकावरच्या
(बाक कुठला, डायनिंग टेबल),
एरवी प्रत्येक विषयावर सभात्याग करणाऱ्या,
म्हणाल्या, "मान द्यायचा असेल तर सात नंबर घ्या.
तहकुबी नंतर पाहू."
कायदा अधिकारी पुटपुटले, प्रथा...
"प्रथेला रांगेत उभी करा," त्या म्हणाल्या, "टोकन द्या."

हात वर झाले. खरे हात, आणि पडद्यावरचे पिवळे.
मी मोजले.
रस्त्याच्या चौकोनातही एक हात वर आला,
मतासाठी की रिक्षा थांबवायला,
मला कळलं नाही.

एकमताने मंजूर, असं लिहिलं.
तयार परिच्छेदातली शेवटची ओळ
मी बॅकस्पेसनं एकेक अक्षर करत खोडली.
कामकाज तहकूब. कामकाज त. कामका.

पुढच्या सभेत सचिवांनी विचारलं,
मागील इतिवृत्त कायम करायचं, काही दुरुस्ती?
कुणीच बोललं नाही. कायम झालं.
हजेरीचा आकडा त्यात एकानं जास्त आहे.
तो मी तपासूनच लिहिला होता.