साडेतीनचा भोंगा

फीत आधी भाजावी लागते.
कुणाला सांगितलं तर हसतात.
पन्नास वर्षांत ती चिकटते, गुळाच्या ढेपेसारखी,
मग चोपन्न अंशांवर आठ तास,
नानकटाई भाजावी तितक्या निगुतीनं,
त्यानंतर एकदाच, फार तर दोनदा,
बोलते.

तळघर लोअर परळचं. वर बोलिंग, बर्गर,
काचेच्या लिफ्टमधून उतरणारी गुबगुबीत कुत्री.
खाली मी, दोन स्पीकर,
आणि हॅना रोहेकर, वय सव्वीस,
जी रोज रात्री नऊ ते दोन माझ्या कानात गाते
आणि मला ओळखत नाही.

कंपनीनं तिला आधी हेमा म्हणून छापलं,
मग मिस हनी.
आता चार तबकड्यांच्या जाड खोक्यावर
पहिल्यांदा पूर्ण नाव, सोनेरी,
किंमत आठ हजार नऊशे नव्व्याण्णव.

पंख्याची घरघर मी पुसली. खुर्ची पुसली.
कुणाची तरी बांगडी.
कावळा, दोन ठिकाणी.
आणि तिसऱ्या बाजूच्या चौथ्या गाण्यात
दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी
लांबून चढत आलेला एक भोंगा.
चार रात्री गेल्या त्यात.
नेमका तिच्याच पट्टीत शिरला होता,
दुधातलं पाणी काढावं तशी काढत बसले.
निघाला.
कॅस्टेलिनो म्हणाला, क्या बात, लोणी.

मग ती आली, माझगावहून टॅक्सीनं,
वय एकोणऐंशी, हातात काठी,
पिशवीत स्टीलचा डबा, चिकाचा हलवा.
डोळे मिटून वगैरे ऐकलं नाही तिनं.
स्पीकरकडे बघत राहिली,
उधारी मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी.
दुसऱ्या कडव्याला हात वर केला.

ही घाई का करतेय?

बाई, तुम्हीच आहात ती.

ते कळलं गं. पण घाई का?

खरंच की. भोंगा होता तेव्हा कधी जाणवलं नाही.
आता उघडं पडलं होतं:
ड्रमच्या पाव मात्रा पुढे धावणारी पोरगी,
जिच्यामागे कुणीच लागलेलं नाही.

मी न पुसलेली प्रत लावली.
भोंगा चढला, आणि ती हसली,
मागची सोन्याची दाढ दिसेपर्यंत.

हां! साडेतीन!
चिंचपोकळीचा तो स्टुडिओ साडेतीनपर्यंतच आमचा,
पुढे पंधरा वादकांना जादा पैसे.
मालक काचेपलीकडे घड्याळ हातात घेऊन बसलेला.
ऑगस्तीननं ड्रमवरून डोळा मारला,
मी म्हटलं, चला, पळा.
सगळे पळाले. ते व्हायोलिनवाले दोघे म्हातारेसुद्धा,
धोतर सावरत.

कोणत्या गिरणीचा होता हो?

तिनं छताकडे पाहिलं, जिथे वरती
बोलिंगचा चेंडू गडगडत गेला.
हीच असेल. नसेलही.
सगळ्या एकदमच ओरडायच्या.

परत ठेव, असं ती म्हणाली नाही.
जाताना एवढंच, डबा पाठव,
झाकण जरा वाकडं आहे, जपून.

काढायला चार रात्री,
ठेवायला वीस मिनिटं.
नमुन्याची तबकडी आली तेव्हा
ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघितली,
काळ्या रेघा तिथे किंचित फुगल्यासारख्या वाटल्या,
की मलाच वाटल्या.
कॅस्टेलिनोनं कान टवकारले.
हे मागे काय वाजतंय? लोक परत करतील ना.
म्हटलं, साडेतीन.
तो बराच वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, लेबलवर बारीक टीप टाक.

डबा रिकामा परत करायचा नाही,
एवढं आईनं शिकवलंय.
नानकटाया केल्या, फीत भाजायच्या त्याच ओव्हनमध्ये,
त्याच चोपन्न अंशांवर विसरून तासभर,
मग घाईघाईनं एकशे ऐंशीवर.
तळाला जरा करपल्या.