डावा डोळा

रामदासपेठेत, तिसऱ्या मजल्यावर, एसी एवढा गार
की बाहेरचे सेहेचाळीस अंश खोटे वाटावेत.
उन्ह लागू नये म्हणून पर्समध्ये ठेवलेला कांदा
मी आणखी खोल ढकलला.

डॉक्टर मुंधडा, माझ्या भाचीच्या वयाच्या,
म्हणाल्या, हसा.
हसू येईना.
मग म्हणाल्या, बरं, उन्हात बघता तसं बघा.
ते लगेच जमलं. एकतीस वर्षं तेच तर करून राहिले.

त्या पांढऱ्या पेन्सिलीनं ठिपके देऊ लागल्या,
उजवीकडे तीन,
डावीकडे तीन, मग चार, पाच, मग थांबल्या.
"हा डोळा असा का हो, निनावे ताई?
दोन्ही बाजू बहुतेक सारख्याच असतात."

मी भूकरमापक.
दुर्बिणीला उजवा लावायचा, डावा मिटायचा.
कळमेश्वर, मौदा, हिंगणा, पारशिवनी,
काटोलकडचे ते संत्र्याचे बांध
जिथे भाऊ भावाशी बोलत नाही
आणि दोघंही माझ्या साखळीकडे पाहत उभे असतात.
जे काही पाहिलं ते उजव्यानं.
डावा बिचारा मिटून होता,
रेघा मात्र त्याच्या सातबाऱ्यावर चढल्या.

"इंग्रजीत याला कावळ्याचे पाय म्हणतात," त्या म्हणाल्या.

कावळ्याची मी एकदाच वाट पाहिली आहे.
अंबाझरी घाटावर, ह्यांच्या दहाव्याला,
दीड तास, मान वर,
त्या दिवशी मात्र दोन्ही डोळे बारीक करून.
दीर म्हणाला, वहिनी, काहीतरी कबूल करा.
काय कबूल केलं ते आता आठवत नाही.
कावळा आला.
त्यातली रेघ यातली कोणती,
पेन्सिलीला कसं विचारणार.

तरी आले होते.
मागच्या महिन्यात एका शेतमालकाचा नातू
खुर्ची घेऊन धावत आला,
"आजी, सावलीत बसा, मोजणीवाले साहेब येतीलच."
मी साहेबांची वाट पाहत बसले थोडा वेळ.

"किती दिवस टिकतं?"
"चार महिने धरा. मग परत घ्यावं लागतं."
म्हणजे निकाल नव्हे, स्थगिती.
माझ्या ओळखीचं प्रकरण होतं. मी सही केली.

सिस्टर वच्छला, उमरेडची, कानाशी म्हणाली,
"काही नाही होत, ताई.
तर्री-पोह्यावर लिंबू पिळताना डोळ्यात उडतं नं, तेवढंच."
तेवढंच होतं. आठ वेळा.

चार तास आडवं पडायचं नव्हतं.
घरी गेले असते तर पडलेच असते,
म्हणून ऑटो केला आणि झिरो माइलला उतरले.
चार घोडे, तो खांब, दगडावर कोरलेली अंतरं,
अक्षरं उन्हानं पुसट.
वाचायला डोळे बारीक करणार,
तर डॉक्टरांचं आठवलं, चोळू नका, ताणू नका.
न वाचताच परत आले.

पंधरा दिवसांनी हिंगण्याला मोजणी.
आता रोव्हर आला आहे, पोरं उभ्या उभ्या मोजतात,
डोळा मिटायचं कामच नाही.
पण बांध कुठं वाकतोय ते पाहायला
सवयीनं डावा मिटला.
डोळा मिटला,
शेजार आला नाही.
कातडी तशीच, परीट घडीची,
जणू तिनं हे शेत कधी पाहिलंच नव्हतं.

हद्दीचे दगड हलवले तर गुन्हा होतो.
हे मी लोकांना हजारदा सांगितलं आहे,
कडक आवाजात, शिपायासमोर.

खुर्चीवाला तो पोरगा परवा बाजारात दिसला.
"नमस्ते, मॅडम," म्हणाला.
बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

स्थगिती ऑक्टोबरात उठते,
कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय.
पुढची तारीख घ्यायची का, ठरवलं नाही अजून.
सकाळी आरशासमोर उजवा उघडा ठेवते, डावा मिटते
आणि पाहते,
एखादा दगड आपल्या जागी परत येतोय का.