वेग कमी कर

लॅपटॉपच्या पोटात आज
ते जुनं फोर-एटी-सिक्स जागं झालं.
काळी खिडकी, लुकलुकता कर्सर,
जसा दारव्ह्याले टेंभुर्णे सरांच्या क्लासात होता.

चपला बाहेर काढा लागत तिथं.
मशीनले धूळ चालत नाही, सर म्हणत.
अन् समोरच जिनिंग;
रुईचे तंतू आमच्या वेण्यांत,
फ्लॉपीच्या फटीत.

पोरगा म्हणे, आई, हे लय धावते,
जुन्यासारखं पाहिजे तर वेग कमी कर.
केला.
अजून केला.
तेव्हा कुठं सापाचा खेळ
बोटांनी ओळखला.

फ्लॉपीची घरघर मात्र नाही यात.
लाईट जात नाही अर्ध्या अर्जात,
अन् कोणी म्हणत नाही,
"जाऊ दे बाप्पा, पुन्हा टाईप कर."

सेल मेला होता त्या मशीनचा.
रोज सकाळी तिच्यासाठी
एक जानेवारी ऐंशीच.
सर रोज खरी तारीख भरत,
न चिडता,
फळ्यावर लिहावी तशी.

आज खिडकीनं तारीख विचारली.
मी खोटी सांगितली:
मार्चातली, सत्त्याण्णवची,
जिन्यात उभे राहून सर
खिशात किल्ली शोधत होते, ती.