सूना मकान

वसुबारसेच्या आदल्या दिवशी
बीटचा हवालदार तोमर ओट्यावर चहाला टेकला,
म्हणाला, माँजी, सूने मकानों पे नजर रखना.

एकतीस वर्षं वीज मंडळात मी आकडे तपासले,
शब्द कधी तपासले नव्हते.
रात्री भाकरी थापताना हसू आलं:
इंदूरच्या हिंदीत रिकामं घर म्हणजे सूना मकान,
आणि राजेंद्र नगरच्या आमच्या गल्लीत
एक सून पुण्याला, दोन सुना बंगळुरूला,
म्हणून तर मकान सूना.

धनत्रयोदशीपर्यंत फ्रिजवर नऊ घरांच्या किल्ल्या.
बर्व्यांची चिंध्यांच्या बाहुलीला,
कोठारींची पिवळ्या दोऱ्यात,
इनामदारांची नुसतीच, घाईत फेकल्यासारखी.

चोर काय वाचतो?
दारातला पेपर, फाटकात खोचलेलं चिठोरं,
मान टाकलेली तुळस,
दुपारी बारालाही जळणारा बाहेरचा दिवा.
आम्हीही तेच वाचायला शिकलो,
आणि पुसायला.

शेवड्यांची रेवती, बारावीतली,
नऊ दारांत नऊ रांगोळ्या काढायची,
शेवटच्या दोन कंटाळून, नुसतं स्वस्तिक.
मी संध्याकाळी आतले दिवे लावायची, दहाला मालवायची.
माळ्यावरून ह्यांचे बूट काढले,
रोज एका बंद दारात मुक्कामाला ठेवले.
सहा वर्षं झाली ह्यांना जाऊन.
हयातीत शेजाऱ्यांकडे इतके कधी गेले नसतील.

इनामदारांनी विमानतळावरून फोटो टाकला, सगळी बत्तिशी.
मी फोन करून काढायला लावला:
आल्यावर टाका हो, समुद्र कुठे पळतोय?

लक्ष्मीपूजनाला एक लाल मोटरसायकल
गल्लीतून तीनदा गेली.
पोराला अडवलं, नाव विचारलं, गाव विचारलं,
डिकी उघडायला लावली.
आत शेवेचे डबे, आणि घर नंबर चुकलेली चिठ्ठी.
पाणी दिलं मी त्याला. प्यायला नाही.
ते अजून खुपतं.

भाऊबीजेच्या सकाळी फेरीला निघाले,
तर टेंब्यांच्या पायरीवर सांचीच्या दोन पिशव्या,
एक आजची, एक कालची, टम्म फुगलेली.
बाहेरचा दिवा चालू.
सवयीने वाकले, उचलायला, पुसायला,
आणि वाकलेलीच राहिले.
टेंबे कुठे गेले?
यादीत तर नाव नव्हतं.

टेंबे कुठेच गेले नव्हते.
यादी गेलेल्यांची होती.

हाका मारल्या. कोठारींच्या पोराने खिडकी ठोकली.
रखवालदार रामसजीवनने पहार आणली
आणि माझ्याकडे पाहिलं,
आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं दार फोडायचं होतं त्याला.
म्हटलं, मार.

न्हाणीघरात पडले होते, परवा रात्रीपासून.
खुबा गेलेला, ओठ पांढरे, डोळे मात्र लख्ख.
कोण, म्हणाले.
म्हटलं, मी, समोरची.
म्हणाले, चोर आला असता तरी चाललं असतं.

तोमर दुपारी वही घेऊन आला.
चोरी: निरंक.
तुटलेली कडी: एक.
किसने तोड़ी, त्याने विचारलं,
आणि आम्ही सहा-सात जणांनी
शाळेत करतात तसे हात वर केले.

नवी कडी बसली. तिची किल्ली आता फ्रिजवर,
दहावी.
अकरावी मी कापडमार्केटजवळून करून आणली,
माझ्याच घराची,
रेवतीला दिली. कशाला, म्हणाली.
सांगितलं, दुधाची पिशवी दिसली पायरीवर, तर.
तिने काही न बोलता
ती सायकलच्या किल्लीला अडकवली.

टेंबे अजून दवाखान्यात आहेत.
इनामदार आले, बर्वे आले, पेढे आले,
सगळ्या बाहुल्या-दोरे आपापल्या घरी गेले.
ह्यांचे बूट तेवढे टेंब्यांच्या दारात राहिलेत.
आणायचे आहेत.
पण रोज सकाळी तिथून जाताना वाटतं,
कोणीतरी आत आहे,
आणि मी पुढे जाते.